लाईट नसताना

माझा ब्लॉग एकदा नीट बसवावा आणि मग गप्प राहावं, हे मला कधीच जमलं नाही. शाळेतून आलं, चहा झाला, की हात शिवशिवायला लागतात. फॉन्ट बदल, मेनू उजवीकडचा डावीकडे ने, फोटो हलके कर, पान उघडायला अर्धा सेकंद जास्त का लागतोय ते शोधत बस. एकदा नवी थीम चढवली तर सगळी जोडाक्षरं फुटली आणि पानभर पाय मोडलेली अक्षरं उभी राहिली. ते निस्तरण्यात दोन दिवस गेले. नवरा म्हणाला, "वाचणारे किती आणि रंगरंगोटी किती!" त्याचं खरंच होतं, म्हणूनच मला राग आला.

मी अंबडला एका शाळेत विज्ञान शिकवते. ब्लॉगवर माझं नाव नाही, फोटो नाही. जुन्या लॅपटॉपवर लिनक्स कसं टाकायचं, इन्व्हर्टरची बॅटरी कशी सांभाळायची, राउटर कुठे ठेवला की मागच्या खोलीत रेंज येते, असलं काहीबाही लिहिते. मराठीत असं लिहिणारा पुरुषच असणार, असं वाचकांनी परस्पर ठरवून टाकलंय. सगळ्या कॉमेंट "सर" म्हणून सुरू होतात. पहिली दोन वर्षं मी दुरुस्त करत होते, नंतर नाद सोडला.

एका गोष्टीचा मात्र मला भारी अभिमान होता. माझी भाषा सोपी. सरकारी पत्रकातलं "वीजपुरवठा खंडित केल्याची खात्री करून घ्यावी" वगैरे माझ्याकडे चालायचं नाही. लोक बोलतात तसं लिहायचं. त्याच तोऱ्यात मी विहिरीवरच्या मोटारीचा लेख लिहिला. स्टार्टरला एक छोटी डबी जोडायची, तिच्यात सिम कार्ड घालायचं, मग घरातून फोन केला की शेतातली मोटार चालू, पुन्हा केला की बंद. सात पायऱ्यांत सगळं सांगितलं. चौथी पायरी पहिल्या खर्ड्यात चांगली लांबलचक होती, मेन स्विच पाडा, टेस्टर लावून तपासा, वगैरे. मला ती जड वाटली. मी ती खोडली आणि लिहिलं, "लाईट नसताना स्टार्टरचं कव्हर उघडा." वाचून स्वतःवरच खूश झाले. माझ्या ब्लॉगवर सगळ्यात जास्त वाचला गेलेला लेख तोच.

एके दिवशी स्टाफरूममध्ये ऑफ तासाला फोन वाजला. कॉमेंट आली होती. "सर, तुमचं वाचून आज सकाळी आमच्या मालकांनी स्टार्टर खोललं. लाईट नव्हती. तरी करंट बसला. हात भाजला." खाली नाव नाही, गाव नाही. मालक म्हणजे नवरा, एवढ्यावरून लिहिणारी बाई आहे हे कळलं.

मी ते तीनदा वाचलं. लाईट नव्हती तर करंट कसा बसेल, असं आधी अगदी मास्तरीण बाईंसारखं मनात आलं. आणि मग एकदम कळलं.

माझं माहेर हसनाबादचं. लहानपणी वडलांबरोबर मळ्यात गेलं की शेजारचा माणूस बांधावरून ओरडायचा, "लाईट हाय का?" आणि वडील ओरडायचे, "न्हाई!" त्या वेळी आमच्या खोपीत डोक्यावर बल्ब जळत असायचा. कुणालाच त्यात वावगं वाटायचं नाही. कारण शेतात लाईट म्हणजे थ्री फेज. मोटार चालते ती लाईट. थ्री फेज गेली तरी मागे सिंगल फेज राहते, तिच्यावर बल्ब जळतो, मोबाइल चार्ज होतो, पण तिला कुणी लाईट म्हणत नाही. आणि तीच सिंगल फेज स्टार्टरच्या एका तारेत जिवंत बसलेली असते. मला हे माहीत होतं. अंबडला येऊन पंधरा-वीस वर्षं झाली आणि मी विसरले. इथे लाईट गेली म्हणजे पंखा बंद, टीव्ही बंद, सगळं बंद. उंटावरून शेळ्या हाकल्या मी, दुसरं काय.

आता पुढचं सांगायला जड जातं. त्या बाईला उत्तर देण्याआधी, तिचे मालक कसे आहेत हे विचारण्याआधी, तिथेच स्टाफरूममध्ये बसून मी लेख उघडला आणि चौथी पायरी बदलली. "मेन स्विच पाडा. एकेका तारेला टेस्टर लावून बघा. सिंगल फेजही चालू असू शकते." एक मिनिटसुद्धा लागलं नाही. ब्लॉगचं हेच तर सुख, छापलेल्या पुस्तकासारखं अडकून पडत नाही. मग मी उत्तर लिहिलं, "कसे आहेत ते? लगेच डॉक्टरांना दाखवा. काम करताना टेस्टर लावायलाच हवा, लेखात तसं दिलंच आहे."

दिलंच आहे! माझ्याच बोटांनी लिहिलं ते.

चार दिवस काहीच आलं नाही. मी फळ्यावर लिहिता लिहिता खिशातला फोन चाचपायची. भाकरी तव्यावर आणि मी स्क्रीन खाली ओढून बघतेय. कुठल्या गावातून किती जणांनी पान उघडलं याचे आकडे बघत बसायची, जणू त्यातून त्या माणसाचा हात दिसणार होता. भाजला म्हणजे किती भाजला? बोटं हलतात ना? चुकीचं वाक्य माझं होतं, हे आतून माहीत होतं, आणि ते आता कुणालाच दिसणार नाही हेही माहीत होतं. दुसऱ्या गोष्टीने बरं वाटायला हवं होतं. वाटत नव्हतं.

पाचव्या दिवशी कॉमेंट आली. "सर, लेखात आधी ते नव्हतं. आमच्याकडं कागद आहे. वडीगोद्रीच्या दुकानातून आणलेला."

कागद?

रविवारी मी एसटीने वडीगोद्री गाठली. हायवेला मोटारीच्या सामानाची दुकानं फार नाहीत. दुसऱ्याच दुकानात काउंटरवर झेरॉक्सचा गठ्ठा दिसला. माझा लेख. माझे फोटो, माझ्या सात पायऱ्या, खाली ब्लॉगचा पत्ता, सगळं काळंपांढरं. डबीबरोबर एक कागद फुकट, अशी पद्धत होती त्यांची.

"घ्या की ताई," दुकानदार म्हणाला. "एका सरांचं हाय. बिलकुल सोपं लिव्हलंय. गिऱ्हाईक परत इचारायलाच येत न्हाई."

मी चौथी पायरी वाचली. ती तिथे तशीच होती. "हे मीच लिहिलंय," मी म्हणाले, "आणि हे चूक आहे. सगळे कागद द्या इकडे."

त्याला आधी थट्टा वाटली. माझं तोंड बघून त्याने गठ्ठा पुढे सरकवला. स्टुलावर बसून मी एकेका कागदावर पेनने दुरुस्ती केली. करता करता विचारलं, हात कुणाचा भाजला? त्याला माहीत होतं. जवळच्याच वस्तीवरचा माणूस. "आसपासच्या मोटारी त्योच खोलायचा," दुकानदार म्हणाला. खोलायचा, हा शब्द माझ्या कानाला लागला. त्यानेच मला गाडीवर वस्तीपर्यंत सोडलं.

तो माणूस ओसरीवर बाजेवर बसला होता, उजव्या हाताला पट्टी. शेजारी त्याचे चुलते चहा पीत होते. त्याची बायको बाहेर आली, दुकानदाराने ओळख करून दिली तसं तिने मला खालून वर पाहिलं. मी उभ्या उभ्याच बोलून टाकलं, वाक्य माझं चुकलं, मला माफ करा.

"हाताचं काय न्हाई मॅडम," तो म्हणाला. "भरून येऊन राह्यलाय. बोटं हलतेत."

मला हुश्श झालं. पण त्याची बायको म्हणाली, "हाताचं न्हाई बोलून राह्यले मी. तुम्ही ते बदललं कामून?"

मग तिनेच सांगितलं. करंट बसला त्याच दिवशी संध्याकाळी चुलत्यांनी मोबाइलवर माझा लेख काढला होता. चौथ्या पायरीवर ठळक लिहिलेलं, टेस्टर लावा, सिंगल फेज असू शकते. तो मोबाइल सगळ्या वस्तीत फिरला. "सगळे म्हणले, एवढं सरळ लिव्हलंय, याला वाचताच येत न्हाई. आम्ही कागद दाखवला तर म्हणले, दुकानदारानं गाळलं असंल, पण यानं मोबाइलवर खरा लेख बघाया नको का? तुमचं उत्तर बी दाखवलं त्यायनी, लेखात दिलंच आहे म्हणून. आता कुणी मोटार खोलायला बोलवत न्हाई यांना."

चुलते चहात बघत होते. तो स्वतःच्या पट्टीकडे बघत होता.

मी आजवर समजत होते की ब्लॉग माझा, पाटी माझी, पुसलं काय आणि लिहिलं काय. मी पुसलं आणि हा माणूस खोटा पडला. करंट एका क्षणाचा होता, हे मात्र रोज चाललं होतं. मला इतकी लाज वाटली की बसायला दिलेल्या खुर्चीवर मी बसलेच नाही.

तिथेच ओसरीच्या टोकाला, जिथे रेंज येत होती तिथे उभी राहून मी लेख उघडला. जुनं वाक्य परत आणलं आणि त्यावर आडवी रेघ मारली, वाचता येईल अशी. खाली लिहिलं, "आधी इथे हे वाक्य होतं. त्याप्रमाणेच काम करताना एका जाणत्या माणसाचा हात भाजला. त्याने बरोबर वाचलं होतं. मी चूक लिहिलं होतं. नंतर ते कुणाला न सांगता बदललं, आणि आधीपासून बरोबर होतं असं खोटं सांगितलं." बटण दाबलं. गोल बराच वेळ फिरत राहिला, मग पान आलं.

फोन मी चुलत्यांच्या हातात दिला. त्यांनी तो लांब धरला आणि एकेक शब्द जोडत मोठ्याने वाचलं. "खोटं" या शब्दाशी थांबून माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. त्यांनी राहिलेलं वाचून संपवलं आणि पुतण्याला म्हणाले, "मंग तू बराबर वाचलं व्हतं."

त्याने डाव्या हाताने डोळे पुसले.

"काका," तो म्हणाला, "पुन्हा एकदा वाचा."