दोन दारांच्या गाडीचे सोयरे

मंगळवारी दुपारी दौंडला माझे यजमान वारले. मी शिरूरला शाळेच्या ग्रंथालयात होते. फोन आला. मी एसटीने दौंडला गेले. संध्याकाळी त्यांना नेलं.

ते रेल्वेत नोकरीला होते आणि दौंडच्या क्वार्टरमध्ये राहत. मी शिरूरला. बदलीसाठी दोघांनीही अर्ज करून पाहिले, मग नाद सोडला. सुटीला ते त्यांच्या गाडीने शिरूरला येत, किंवा येऊन मला दौंडला नेत. गाडी विलायती, दोन दारांची, दोनच सीटची, आम्हा दोघांपेक्षा वयाने मोठी. पुढून लांब नाक, मागे उतरतं छप्पर. बाजाराची एक पिशवी ठेवली की दुसरीला जागा नसे. मला ती कधी आवडली नाही, पण ते तिच्यात बसले की तरुण दिसत, आणि ते मला आवडे.

या जातीच्या गाड्या बाळगणारे आमच्या भागात आणखी तिघं आहेत. पुण्याचे एक दातांचे डॉक्टर, रांजणगावच्या कारखान्यातले एक मॅनेजर आणि केंदूरचे एक फुलांचे बागायतदार. चौघांचा मोबाइलवर ग्रुप होता. यजमान गेल्याच्या दुसऱ्या दिवशी त्या ग्रुपवर, आता माझ्याकडे असलेल्या त्यांच्या फोनवर, भावपूर्ण श्रद्धांजली आली. फोटो गाडीचा होता. बॉनेटवर संगणकाने झेंडूचा हार चढवलेला. यजमानांचा चेहरा शोधला तर काचेमागे अर्धा कान दिसत होता.

दहाव्याला तिघं आले. घाटावर उन्हात उभे राहिले, हात जोडले, आणि घरी येताच पायातल्या चपला न काढता मागच्या शेडकडे गेले. क्वार्टर सोडायचं होतं, गाडी शिरूरला न्यायची होती, म्हणून माझ्या भावाने आदल्या दिवशी ती सुरू करून पाहिली होती. इंजिन फिरायचं, पण पेट घ्यायचं नाही.

"वहिनी, दादा गेले, पण गाडी न्हाई जाऊ द्यायची," बागायतदार म्हणाले. हे वाक्य त्यांनी वाटेत तयार केलं असावं. ते म्हणून झाल्यावर त्यांनी इतर दोघांकडे पाहिलं.

मी त्यांना एकच सांगितलं. गाडी दौंडहून स्वतःच्या चाकांवर निघाली पाहिजे. दोरीने ओढत नाही, ट्रकवर बांधून नाही. त्या महिन्यात या घरातून एकदा बांधून नेलेलं मी पाहिलं होतं. एवढं स्पष्ट मी बोलले नाही. बोलले असते तरी त्यांना कळलं नसतं.

मग दर रविवारी ते येऊ लागले, मीही शिरूरहून येई. त्यांची दुरुस्तीची पद्धत मी शेडच्या दारात खुर्ची टाकून पाहिली. तिला 'माझं लावून बघू' म्हणतात. प्रत्येकाने आपल्या चालत्या गाडीतला एक भाग खोलून आणायचा आणि बंद गाडीत बसवायचा. गाडी सुरू झाली तर आपला भाग चांगला, नाही झाली तर दुसऱ्याचा वाईट.

"कॉइल गेलीय. मला आवाजावरूनच कळलं," डॉक्टर म्हणाले.

"कंडेन्सर आहे डॉक्टर. आधी रूट कॉज काढायचा असतो," मॅनेजर म्हणाले.

"यांचं रूट कॉज आन् तुमचं रूट कॅनल," बागायतदार म्हणाले, "तवर गाडीचे सगळे दात पडत्याल."

तिघंही हसले. मी चहा केला. कॉइल बदलली, कंडेन्सर बदलला, वायरी बदलल्या. करंट कॉइलपर्यंत येत होता, प्लगवर ठिणगी पडत नव्हती. प्लग हातात धरून तिघं त्याच्याकडे असे पाहत, जणू तो हट्टाने गप्प बसलाय. अधूनमधून एखादा ड्रायव्हरच्या बाजूने डॅशबोर्डखाली हात घाले, काहीतरी चाचपे, आणि दुसरा जवळ आला की हात पटकन बाहेर काढे. मला वाटलं, शॉक बसत असेल.

दुपारी जेवणं होत. माझ्या घरात सुतक संपून थोडेच दिवस झाले होते आणि मी तीन परक्या पुरुषांना वाढत होते. जेवताना ते यजमानांविषयी बोलत. बोलणं 'आमच्यात काही आडपडदा नव्हता' इथून सुरू होई आणि कोणाच्या गाडीचा रंग मूळचा आहे या वादावर संपे. माझ्या नवऱ्याला काय आवडायचं, त्याला कशाची भीती वाटायची, हे त्यांच्यापैकी एकालाही सांगता आलं नसतं. मी एकदा विचारलं, ते शेवटच्या दिवसांत थकल्यासारखे वाटत होते का? मॅनेजरांनी विचार केला आणि सांगितलं, "मागच्या राइडला क्लच जड झालाय म्हणत होते."

एका रविवारी निघताना डॉक्टर मागे रेंगाळले. "मॅडम, ट्रकवर घालून माझ्याकडे पाठवा. निवांत करतो. नाहीच झाली तर मी ठेवून घेईन, तुम्हाला तरी ती कशाला?" घराच्या कोपऱ्यावर मॅनेजर थांबलेच होते. "वहिनी, डॉक्टरांना देऊ नका. मी आहे ना." मढ्याभोवती गोळा झालेली माणसं मी त्याआधीही पाहिली होती, पण ती निदान रडत होती.

शिरूरला परतताना एसटीत बसून मी विचार केला. ग्रंथालयात पुस्तक सापडत नसेल तर सगळी कपाटं बदलायची नसतात. पुस्तक शेवटी कोणाच्या हातात होतं, ते आधी विचारायचं. गाडी शेवटी यजमानांनी बंद केली होती, आणि ती व्यवस्थित चालत असताना बंद केली होती. शिरूरमध्ये अर्ध्या मोटारसायकलींना चोरस्विच असतो. लपवून बसवलेलं छोटं बटण. मालकाने ते बंद केलं की किल्ली असूनही गाडी सुरू होत नाही. मी ग्रुपवर विचारलं, 'यांनी गाडीला चोरस्विच बसवला होता का?'

तिघांनीही लगेच वाचलं. बऱ्याच वेळाने डॉक्टरांनी लिहिलं, 'असल्या गाड्यांमध्ये अशी छेडछाड कोणी करत नाही.' त्याखाली दोन अंगठे आले.

मग डॉक्टरांचा फोन आला.

"मॅडम, ग्रुपवर असलं काही विचारू नका."

"का?"

"म्हणजे... माझ्या गाडीत आहे तो. तुमच्या मिस्टरांनीच बसवून दिलाय. ॲशट्रेच्या मागे. माझ्या मिसेसलाही माहीत नाही."

"मग इतके रविवार कॉइल का बदलत होता?"

"तो विषय काढला असता तर त्या दोघांनी विचारलं असतं, तुमचा कुठे आहे म्हणून."

फोन ठेवते तोच बागायतदारांचा आला. "वहिनी, माझा हँडब्रेकपाशी गादीखाली हाय. दादांनी शपथ घातलीती. त्या डाक्टरला बोलू नका, लई आगाव माणूस हाय त्यो." मॅनेजरांनी फोन केला नाही. 'ड्रायव्हर सीटखाली' एवढा संदेश पाठवला आणि मी वाचल्यावर पुसून टाकला.

आडपडदा नसलेली ही मैत्री. तिघांनाही पहिल्या दिवसापासून संशय होता. तिघांनीही एकमेकांच्या नकळत चाचपून पाहिलं होतं. बाई विधवा झाली, तिला गाडी न्यायचीय, हे सगळं खरं. पण आपलं बटण कुठे आहे हे मित्राला कळण्यापेक्षा गाडी सडलेली बरी. आणि या तिघांची गुपितं माझ्या नवऱ्याने सांभाळली होती. स्वतःचं मात्र मलाही सांगितलं नव्हतं.

गुरुवारी रजा टाकून मी एकटीच दौंडला गेले. ॲशट्रे काढली, गादी उचलली, सीटखाली हात फिरवला. काही नव्हतं. मग सवयीने डावीकडे माझ्या सीटवर जाऊन बसले आणि दार ओढून घेतलं.

प्रत्येक वेळी निघण्यापूर्वी ते माझ्या अंगावरून वाकत, माझ्या दारापाशी हात नेत आणि विचारत, "अगं, दार नीट लागलंय ना?" पोचल्यावर पुन्हा वाकत, दार उघडून देत. माझ्या बहिणींना मी हे कौतुकाने सांगितलेलं आहे. एकीने त्यावरून आपल्या नवऱ्याला टोमणेही मारले होते.

मी दाराजवळ डॅशबोर्डखाली बोटं घातली. घंटीसारखं बटण होतं. दाबलं. उजवीकडे सरकून किल्ली फिरवली. गाडी सुरू झाली.

मी बराच वेळ गाडी तशीच चालू ठेवून बसले. त्या तिघांना मी सहज तुच्छ ठरवलं होतं, त्यात काही कष्ट पडले नव्हते. आता त्यांच्या शेजारी चौथा उभा होता. दार लागलंय का, हे ते खरंच कधी पाहत होते की नाही, हे विचारायला माणूस उरला नव्हता.

मला गाडी चालवता येते. ही त्यांनी कधी दिली नव्हती. चौफुल्यावरून पारगाव, न्हावरा करत मी ती शिरूरला आणली. गिअर दोनदा चुकले. उसाच्या ट्रॉलीमागून हळूहळू यावं लागलं. क्लच खरंच जड होता.

घरी पोचल्यावर ग्रुपवर लिहिलं, 'गाडी शिरूरला आली.'

'कॉइल!' डॉक्टरांनी लिहिलं. 'मी म्हणालोच होतो.' मॅनेजरांनी कंडेन्सरचा फोटो टाकला. बागायतदारांनी फुलं टाकली आणि वायरी कधी परत मिळतील ते विचारलं. मी गाडीचे मूळ भाग मेकॅनिककडून परत बसवून घेतले, त्यांचे सगळे एका खोक्यात भरून पाठवून दिले आणि ग्रुपमधून बाहेर पडले. त्यांना बटण सापडल्याचं मी सांगितलं नाही. ते अजून कॉइल की कंडेन्सर यावर भांडत असतील.

गाडी शिरूरला घरामागे आहे. ती चालते. स्विच मी काढून टाकला. डाव्या दाराजवळ पत्र्याला दोन स्क्रूंची भोकं आहेत.