बाईंचे उघडे कान

एखाद्या दुकानदाराला जन्माची अद्दल घडवायची असेल, तर आमच्या समोरच्या बाईंना त्याच्या दुकानात पाठवावं. सिंदेवाहीच्या शाळेत त्यांनी उभा जन्म शिकवलं, आणि पोरांची परीक्षा घेणं बंद झाल्यापासून त्या वस्तूंची घेतात. छताचा पंखा घेताना त्यांनी दुकानातले सगळे पंखे एकदम चालू करायला लावले आणि मधोमध स्टूल टाकून बसल्या. दुकानदाराच्या पावत्या पार रस्त्यावर उडाल्या. खुर्ची घ्यायला गेल्या तेव्हा घरून पेपर घेऊन गेल्या, दुपारभर त्या खुर्चीत बसून तो वाचला, एक डुलकीही काढली आणि उठताना म्हणाल्या, "पाठ दुखून राह्यली." खुर्ची घेतली नाही ती नाहीच. मी त्यांची जुनी विद्यार्थिनी. आता माझे स्वतःचे केस पिकले, तरी अशा प्रत्येक परीक्षेला मला शिपायासारखं सोबत जावं लागतं.

मग त्यांना हेडफोन हवेसे झाले. कारण सकाळचं फिरणं. उजाडलं की आम्ही दोघी धानाच्या संशोधन केंद्रापुढून निघतो आणि बोडीच्या पाळीवर जाऊन परत येतो. बोडी म्हणजे आमच्याकडचं लहान तळं. बाईंना चालायला गाणं लागतं. भीमगीत लावलं की पाय झपाझप पडतात, आणि जुनं रडकं हिंदी गाणं लागलं की त्या घराकडे वळतात. पण कानात बोंडं खुपसून या रस्त्यानं जाणं म्हणजे जिवावर उदार होणं. मागून ट्रक येतो, रानडुक्कर येतं, आणि सकाळी सकाळी ज्याचं नाव घेऊ नये तोही येतो. लांबलांबचे लोक पैसे मोजून त्याला बघायला मोहर्लीच्या जंगलात सफारीला जातात. आम्हाला तो फुकट दिसू नये एवढीच आमची इच्छा, पण तिची सोय कोणी केलेली नाही. रस्त्याला एक पाटी तेवढी लावली आहे, 'सावध राहा'. आता सावध राहायचं तर कान नकोत का उघडे?

पुण्याच्या मुलानं त्यांच्या वाढदिवसाला हेडफोन पाठवले, तेही बाहेरचा सगळा आवाज बंद करणारे. आईला काय हवं ते न विचारता आईसाठी वस्तू घेतली की असं होतं. वर त्याचं पालुपद ठरलेलं, "आई, तिथे एकटी राहू नकोस, इकडे ये." इकडे म्हणजे उंच मजल्यावरच्या घरात, जिथून खाली उतरायचं तर कोणाला तरी सवड व्हावी लागते. बाई फोन ठेवून मला म्हणाल्या, "राहीन म्या तिथी. पण चालीन कुठी?"

तेव्हा कान उघडे ठेवणारे हेडफोन मागवणं सुरू झालं. त्यांची परीक्षा बाईंनी आपल्या लहानपणातून काढली. मोहफुलं वेचायला गेलेल्या बाया रानात पांगल्या की एकमेकींना हाका मारत राहतात, आणि हाक ऐकली की ओ द्यायचीच. ओ आली नाही, तर सगळ्या टोपल्या टाकून तिकडे धावतात. तशीच हाक मी गल्लीतल्या बोरिंगपासून, म्हणजे हातपंपापासून मारायची, आणि ओसरीवर गाणं ऐकत बसलेल्या बाईंनी ओ द्यायची. गाणंही ऐकू आलं आणि हाकही, तर हेडफोन पास.

एकही पास होईना. बाळीसारखा कानाला अडकणारा नापास. कानामागे आकड्यानं टांगायचा, तो चष्म्याच्या दांडीशी भांडायचा, म्हणून नापास. कानापुढच्या हाडावर बसणारा आला, तर म्हणाल्या, "किडली दाढ वाजल्यासारखं वाटते." परत. पार्सलवाला आमची गल्ली मान खाली घालून पार करू लागला. माझा घसा बसला. बोरिंगपाशी बांधलेली म्हैस माझ्या हाकेला ओ द्यायला शिकली, बाईंची काही येईना.

एका सकाळी मी अशीच ओरडून ओरडून परत आले. बाई म्हणाल्या, "हाही बेकारच हाय. परत पाठव." मी तो खोक्यात भरायला घेतला आणि माझ्या लक्षात आलं, की तो चालूच केलेला नव्हता. गाणं नव्हतं, काही नव्हतं. नुसत्या बाई बसल्या होत्या.

"बाई, हा तर बंद होता," मी म्हणाले. दोनदा म्हणावं लागलं.

बाईंनी चष्मा काढून पुसला. "मले ठाऊक हाय," त्या म्हणाल्या. "पोराले सांगू नको."

"मंग कानाचं मशीन लावून घ्या ना."

"मशीन दिसलं का पोरगा दुसऱ्या दिवशी गाडी घेऊन येते."

मला भयंकर राग आला. त्यांच्या कानांचा आला, पुण्याचा आला, आणि इतके दिवस बिचाऱ्या यंत्रांना नापास करत बसलेल्या त्या हट्टी म्हातारीचा तर सगळ्यात जास्त आला. रागानं मी दिवसभर त्यांच्याकडे गेले नाही. संध्याकाळी गेले.

शेवटी बाईंनी जो हेडफोन ठेवला, तो सगळ्यांत बटबटीत होता. जाडजूड, नारंगी, गल्लीच्या टोकावरून दिसणारा. "लोकायले दिसला पायजे," एवढंच म्हणाल्या. आता कोणी हाक मारली आणि त्यांनी पाहिलं नाही, तर लोक म्हणतात, बाई गाणे ऐकून राह्यल्या. मोटारसायकलवाले लांबूनच बाजूनं जातात. मुलानं फोनवर आईचा चेहरा पाहिला आणि तो खूश झाला. "बघ, शेवटी मनासारखे मिळाले ना?" बाई हसल्या. त्या हेडफोनची चार्जिंगची वायर अजून खोक्यातच आहे.

आम्ही अजूनही बोडीवर जातो, आता जरा ऊन वर आल्यावर. बाई पुढे, मी मागे. मागचे कान मी झाले आहे, त्यामुळे मला काही गाणं-बिणं ऐकता येत नाही. अधूनमधून मी जुन्या रीतीनं हाक मारते आणि पुढून ओ येते. आली की बरं वाटायचं. वाटायचं, एवढं तरी ऐकू येतं आहे.

परवा चालताना माझ्या पायात गोळा आला. मी रस्त्याकडेच्या दगडावर बसले आणि पोटरी चोळत राहिले. बाईंना कळलंच नाही, त्या हात हलवत पुढे गेल्या आणि वळणाआड झाल्या. मी हाक मारणारच होते, तेवढ्यात पलीकडून ठणठणीत ओ आली. थोड्या वेळानं पुन्हा आली, आणखी लांबून.

मी हाक मारलीच नव्हती. पोटरी तशीच धरून उठले आणि त्यांच्या मागे लंगडत निघाले.