दादांच्या पानातलं मीठ

घरातल्या एका माणसाचं मीठ बंद झालं की किस्से आपोआप साठतात. आमच्या घरात ते माझ्या थोरल्या भावाचं बंद झालं. तेव्हा अजून निजामाचं राज्य होतं. दादांच्या पायांना इतकी सूज आली की जोडा चढेना. हिंगोलीच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, मीठ सोडा, नाहीतर सूज छातीपर्यंत जाईल. मी घाबरलो. वहिनीने घरी येताच मिठाची बरणी पेटीत ठेवून कुलूप लावलं आणि किल्ली पदराला बांधली.

*

मग मिठाची जागा भरायची मोहीम निघाली. वरणात लिंबू, भाजी अंबाडीची, चटणी कवठाची. आठ दिवस दादांनी मुकाट्याने खाल्लं. नवव्या दिवशी म्हणाले, "दात आंबले. आता भाकर चावू कशी?"

वहिनीने ती ताकात कुस्करून दिली. ताकही आंबटच!

*

एकादशीला दादा एकदम खूश. भगरीत सैंधव होतं. उपासाला चालतं म्हणजे ते मीठ नव्हेच, असा आमचा सगळ्यांचा समज. दादांनी लगेच सोमवार धरला, गुरुवार धरला, शनिवारही धरला. जन्मात देवळाची पायरी न चढलेला माणूस! वहिनी अगदी गहिवरली. सूज मात्र वाढली. डॉक्टरांनी काय काय खाता ते विचारलं आणि कपाळाला हात लावला. सैंधवही मीठच निघालं.

त्या दिवशी दादांचे सगळे उपास सुटले.

*

वहिनीने घरोघर जाऊन बजावलं होतं. दादा शेजारी लोणच्याची फोड मागायला गेले, तर शेजारणीने हातावर गूळ ठेवला.

*

एका दुपारी त्यांनी ताट ढकललं. "चिमूटभर मीठ वाढ. त्याबिगर जेवत न्हाई."

वहिनी उठली. मला वाटलं, आता किल्ली निघणार. तिने ताटाखाली पाण्याचा चौकोन काढला, भातावर तुळशीचं पान ठेवलं आणि हात जोडले.

"नैवेद्याच्या पानात मीठ वाढत न्हाईत. देव कधी तक्रार करून राहिला का?"

दादांनी तुळशीचं पान उचलून बाजूला ठेवलं. मग जेवले.

*

सूज उतरायला महिने गेले. जोडा पायात गेला तेव्हा माझे डोळे भरून आले. त्यानंतर सेनगावला एका लग्नाला गेलो. दादांचा अळणी वरणभात वहिनीने घरून आणला होता. पंगत बसली, वाढपी मीठ घेऊन आला. वहिनी लांब बायकांत उभी होती. दादांनी मिठाकडे पाहिलं.

दादांनी पानावर आडवा हात धरला.

"पुढं जा बाबा. इथं देव जेवून राहिला."