दाबून राहिलो

लडाखला पोस्टिंग आलं तेव्हा मी बटालियनच्या वर्कशॉपमध्ये हवालदार होतो. आडनाव इंगळे, गाव अकोट. गोळीबाराच्या गोष्टी तुम्ही सिव्हिलवाल्यांनी पुष्कळ ऐकल्या असतील. माझ्या हातात सगळी नोकरी पाना होता, त्यामुळे माझी आठवण ब्रेकची आहे. कंटाळा आला तर खुशाल उठून जा, मला राग येणार नाही. मधेच मोबाइल बघितला तर मात्र येईल.

आमच्याकडे एटीव्ही होत्या. चार जाड चाकं, मोटारसायकलसारखं हँडल, मागे सामान बांधायला लोखंडी जाळी. ट्रक जात नाही अशा पोस्टवर रेशन, केरोसीन आणि टपाल याच गाड्या नेत. चढायला इंजिन लागतं. उतरताना माणसाच्या हातात फक्त ब्रेक असतो. ब्रेकचं तेल हवेतलं पाणी ओढून घेतं आणि हळूहळू काळपट पडतं. लांब उतारावर ब्रेक तापला की त्या पाण्याची वाफ होते आणि लिव्हर हाताला मऊ लागतो. मऊ लागला की गाडी तुमची राहिली नाही असं समजायचं. म्हणून तेल बदलायचं आणि नळीतली सगळी हवा काढायची. त्याला ब्लीडिंग म्हणतात.

हे काम दोघांचं. एकाने हँडलवरचा लिव्हर दाबून धरायचा. दुसऱ्याने खाली चाकापाशी बसून निपल, म्हणजे तेल बाहेर सोडायचा पोकळ स्क्रू, पाव फेरा उघडायचा. जुनं तेल आणि बुडबुडे पारदर्शक नळीतून बाटलीत येतात. निपल परत आवळला की मगच वरच्याने लिव्हर सोडायचा. त्याने आधी सोडला तर बाहेरची हवा आत ओढली जाते आणि सगळं पहिल्यापासून करा. खालचा विचारतो, वरचा सांगतो, एवढ्यावर काम चालतं.

गाडीचा ड्रायव्हर नायक संतोष शेवाळे, साताऱ्याकडचा. वडील एसटीत ड्रायव्हर होते. स्वतःच्या गाडीला तो दुसऱ्याचा हात लावू देत नसे, माझा चालायचा. पहिल्यांदा आम्ही ब्लीडिंगला बसलो तेव्हा तो निपलवर, मी लिव्हरवर.

"दाबलं का, उस्ताद?"

"दाबून राहिलो," मी म्हणालो.

आता आमच्या वऱ्हाडात दाबून राहिलो म्हणजे दाबतो आहे. धरायच्या आधी दाब चढावा म्हणून मी लिव्हर पंप करत होतो, दाब, सोड, दाब, सोड. साताऱ्याच्या माणसाने त्यातून ऐकलं की हा दाबून तसाच राहिला आहे. त्याने निपल उघडला आणि नेमका तेव्हाच माझा हात मागे येत होता. हवा आत गेली. लिव्हर लोण्यात बोट घालावं तसा मऊ.

"राहिलो म्हणालात की तुम्ही."

"मंग? दाबून राहिलोच होतो ना बे."

"राहिला असता तर हवा कशी गेली?"

"तू काहून उघडलं पन? मी दाबून राहिलो होतो म्हनलं ना तुले."

"तेच म्हणतोय मी. राहिला नव्हता तुम्ही."

असे आम्ही दोघं मराठी माणसं मराठीतच भांडत होतो. आमचे सुभेदार साहेब गढवाली. त्यांनी थोडा वेळ ऐकून घेतलं आणि म्हणाले, "दोनों चुप. पकड़ लिया तो बोलो होल्ड. बस." तेव्हापासून आमच्या वर्कशॉपात शब्द होल्ड.

पण संतोषला माझा शब्द चिकटला तो चिकटलाच. लंगरच्या रांगेत ताट घेऊन उभा असला तरी म्हणायचा, जेवून राहिलो. घरी फोनवर वडिलांना सांगायचा, सुट्टीवर येऊन राहिलो. वडील म्हणायचे, येऊन राहिलास तर दिसत का नाहीस. हे मला सांगताना त्याला हसू आवरायचं नाही. मी त्याला म्हटलं होतं, एकदा सुट्टी जुळव, तुले सेमाडोहले नेतो, वाघ दाखवतो. तो म्हणाला, "वाघाला सांगून ठेवा, सातारचा माणूस येऊन राहिला." ते राहूनच गेलं.

बर्फ पडायच्या आधीचे दिवस होते. वरच्या पोस्टवर हिवाळ्याचा साठा चढवायचा होता. सुभेदार साहेबांचा हुकूम आला.

"गाड़ी कल फर्स्ट लाइट में ऊपर जाएगी. ब्रेक?"

"आज हो जाएगा, साहब."

दुपारी आम्ही दोघांनी पुढचा-मागचा सगळा ब्रेक काढला. ब्रेकच्या टाकीतलं जुनं तेल सिरिंजने ओढून घेतलं, सीलबंद डबा फोडून नवीन भरलं. चाकामागून चाक केलं. नळीत एक बुडबुडा दिसेना तोवर मी त्याला उठू दिलं नाही. मग उतारावर गाडी नेऊन स्वतः दाबून पाहिली. लिव्हर कडक होता. संतोषने तेल सांडलेली जागा पाण्याने धुतली, कारण ते तेल रंग खातं आणि त्याला गाडीचा रंग गेलेला खपत नसे.

सकाळी तो गेला. वर सामान उतरवून रिकामी गाडी घेऊन खाली निघाल्याचा निरोपही आला. त्यानंतर वायरलेस सेटवर सामान वाहणाऱ्या पोर्टर पार्टीचा आवाज आला.

"कंट्रोल, गाड़ी खाई में. ओवर."

"ड्राइवर? ओवर."

"ड्राइवर साथ में. ओवर."

दोर लावून आम्ही खाली उतरलो. त्याला आधी वर नेलं. तोंडावर काही लागलं नव्हतं, झोपल्यासारखा होता. मी गाडीपाशी मागे थांबलो. हँडल वाकलं होतं, मागचं एक चाक तुटून पडलं होतं, पुढची नळी शाबूत होती. हातमोजा काढून मी लिव्हर दाबला. कडक. अर्ध्यात येऊन थांबला, पुढची चाकं हलेनात. तिथे दगडावर बसून मी रडलो. ब्रेक धरून होता म्हणून रडलो की माणूस गेला म्हणून, ते अजून मला सांगता येत नाही.

काय झालं ते पोर्टरांनी पाहिलं होतं. ते खेचरं घेऊन वर येत होते. त्यांना वाट द्यायला संतोषने गाडी कडेला घेतली आणि थांबवली. हाताने या या अशी खूणही केली. पाण्याने खालून पोखरलेली कड होती, वरून दिसत नव्हती. ती गाडीसकट गेली. चौकशीतही हेच निघालं. पार्थिवासोबत साताऱ्याला दुसरे दोघे गेले. मला सोडलं नाही, वर्कशॉपात माणूस नव्हता. त्याचा राग माझ्या मनातून गेलेला नाही.

पेन्शन घेऊन मी अकोटला परतवाडा रोडवर गॅरेज टाकलं. मागच्या हिवाळ्यात, जिनिंगला कापसाच्या गाड्या लागल्या होत्या तेव्हा, एक म्हातारा माणूस एसटीतून उतरून चालत आला. डोक्याला टोपी, हातात पिशवी. एका रिसॉर्टवाल्याची एटीव्ही माझ्यासमोर उघडी होती. तो तिच्याकडे बघत दारातच थांबला.

"दाबून राहिलो म्हणणारे इंगळे तुम्हीच का?"

मी पाना खाली ठेवला. सांगायची गरज नव्हती, कपाळ संतोषचंच होतं.

"या अण्णा. बसा. चहा सांगतो."

"चहा नको. मी संतोषचा बाप. आयुष्यभर एसटी चालवली, मला फसवू नका. गावात म्हणतात ब्रेक फेल झाला. कुणी म्हणतं पोरगं जोरात चालवत होतं. त्याच्या आईनं पाठवलंय मला. म्हणाली, ज्यानं ब्रेक बघितला त्याच्याच तोंडून ऐकून या. ब्रेक गेला होता का?"

"नाही अण्णा. मी खाली उतरून माह्या हातानं दाबून पाह्यला. कडक होता."

"मग?"

"खालून खेचरं येऊन राहिली होती. त्यायले वाट द्यायसाठी तो थांबला. गाडी जागच्या जागी उभी होती. जमीन गेली."

"थांबला होता?"

"थांबला होता."

त्यांनी स्टुलावर बसून टोपी काढली आणि मांडीवर ठेवली. हाताने ती चाचपत राहिले. मग म्हणाले, "एसटीत मीपण कायम समोरच्याला वाट दिली. त्याला मीच शिकवलं होतं."

मी पाणी आणून दिलं.

थोड्या वेळाने तेच उठले. "तुम्ही दोघं कसं करत होता ते मला दाखवा." मी त्यांना सीटवर बसवलं, उजवा हात लिव्हरवर ठेवून दिला. निपल आवळला म्हणून सांगेन तेव्हाच सोडायचं, एवढं समजावलं आणि खाली चाकापाशी बसलो. नळी बाटलीत सोडली, निपलवर पाना लावला.

"दाबलं का, अण्णा?"

"दाबून राहिलो," ते म्हणाले. संतोष म्हणायचा तसंच, शेवटचं अक्षर थोडं ओढून.

माझा हात थांबला. मी वर पाहिलं. दोन्ही हातांनी त्यांनी लिव्हर हँडलला घट्ट धरला होता. मी निपल उघडला, काळं तेल बाटलीत आलं, बुडबुडे आले. मी निपल आवळला.

"सोडा अण्णा."

त्यांनी सोडला नाही.

"अण्णा, झालं आता. सोडा."

ते समोर रस्त्याकडे बघत होते. कापसाची एक गाडी गेली, तिच्यामागून एसटी गेली. मी पुन्हा सांगितलं नाही. पाना हातात घेऊन तसाच खाली बसलो. अण्णा दाबून राहिले होते, साताऱ्याच्या अर्थाने.