आईच्या अंगठ्याची स्प्रिंग

श्रूजबरी गावात आमच्या शेजारी राहणारे काका स्प्रिंगच्या कारखान्यात इंजिनिअर आहेत, आणि सुट्टीच्या दिवशीही ड्यूटीवरच असतात. कुणाकडे गेले की आधी सोफा हाताने दाबून बघतात, मगच बसतात. "सॉफ्ट आहे," एवढंच म्हणतात, पण यजमानाला उगाच ओशाळल्यासारखं होतं.

एकदा त्यांनी माझ्या आईला शब्दकोडं सोडवताना पाहिलं. तिचं वय ब्याऐंशी, अंगठ्यात संधिवात. बॉलपेनचं बटण दाबवत नाही म्हणून ती पेन उलटं धरून टेबलावर आपटायची. काकांनी चहाचा कप बाजूला सारला आणि आमच्या स्वयंपाकघरातला वजनकाटा मागवला.

"मावशी, यावर अंगठा दाबा. दुखायला लागलं की थांबा."

आकडा अडीचशे ग्रॅमवर थांबला.

"फोर्स अडीचशे. बटण आत जातं पाच मिलीमीटर. म्हणजे स्प्रिंग मिलीमीटरभर दबायला पन्नास ग्रॅमच्या आतच जोर लागायला हवा," असं म्हणत त्यांनी ते पेपर नॅपकिनवर लिहिलं आणि पेन घेऊन गेले.

शनिवारी परत आणलं. आत बारीक तारेची नवी स्प्रिंग होती आणि बटण अलगद दबत होतं. तेव्हापासून आई दिवसभर ते टकटक वाजवत बसते, कोडं समोर नसलं तरी. शेवटी वैतागून मी काकांना फोन केला.

"दिवसाला किती वेळा?" त्यांनी गंभीरपणे विचारलं.

"दोनशे तरी!"

काका क्षणभर मनाशी हिशेब पुटपुटले.

"स्प्रिंग मी दहा लाख वेळा दाबली जाईल असं धरून केलीय. मावशी पंचाण्णवच्या होईपर्यंत काळजी नाही. मग बदलून देईन."