सहा नऊ की नऊ सहा

सांता ब्रिहिदा गावाला वेळ सांगायचं काम चाळीस वर्षं डोन तेयोकडे होतं. साखर कारखान्याचा भोंगा तो वाजवायचा. पहाटे पाचला, दुपारी बाराला, संध्याकाळी सहाला. बाराचा भोंगा झाला की बायका भात चुलीवरून उतरवायच्या, आणि पाद्रीबाबासुद्धा आपलं घड्याळ गुपचूप त्यावर लावून घ्यायचे. पुढे कारखाना बंद पडला, भोंग्याच्या टोकाशी घुबडं राहायला आली, पण तेयोची खोड काही गेली नाही. वेळ हातातून गेली म्हणून त्याने तारीख धरली.

गावच्या रेडिओवर अठरा वर्षं रोज सकाळी सातला दहा मिनिटं त्याची असत. ‘आजच्या दिवशी बेसबॉलमध्ये’ असं कार्यक्रमाचं नाव. न्यूयॉर्कला राहणारा चुलतभाऊ वर्षातून दोनदा वर्तमानपत्रांचं गाठोडं पाठवायचा. त्यातली कात्रणं तेयो पुठ्ठ्यावर चिकटवायचा आणि तारखेप्रमाणे बुटांच्या खोक्यांत लावायचा. बारा महिन्यांची बारा खोकी. त्यांना हात लावायची बायकोचीही टाप नव्हती.

आता या माणसाची एक समजूत सांगायला हवी, कारण सगळा घोटाळा तिथेच आहे. उत्तरेकडचे, म्हणजे अमेरिकेतले लोक तारीख आकड्यांत लिहितात, आणि मनाला येईल तशी लिहितात, कधी महिना आधी तर कधी दिवस आधी, असं तेयोने ठरवून टाकलं होतं. ४/२५ दिसलं की महिना आधी, हे उघडच होतं, पंचविसावा महिना आणायचा कुठून? पण ४/१२ दिसलं की ते चार डिसेंबर. चार माणसं लिहितात तसं. त्यामुळे त्याची डिसेंबर-जानेवारीची खोकी उत्तरेतल्या सामन्यांनी फुगलेली होती, आणि ते ना त्याला खटकलं, ना गावाला. आमच्याकडे बेसबॉल रंगतो तोच मुळी डिसेंबर-जानेवारीत. नाताळाचं डुक्कर भाजता भाजता सामना ऐकायचा, ही आमची रीत. तिकडे त्या दिवसांत मैदानावर गुडघाभर बर्फ असतो, हे कुणाच्या डोक्यात येणार?

ते डोक्यात आणलं चागोने, २००४ सालच्या चार सप्टेंबरला. त्या दिवशी तेयोने ४/९ चं कार्ड वाचलं. उत्तरेतल्या कुठल्याशा गावात सामना बर्फामुळे पाऊण तास थांबला, पंचांनी मैदान झाडूने झाडून घेतलं, वगैरे. लगेच स्टुडिओतला फोन खणखणला.

“डोन तेयो, मी चागो. मी बारा वर्षं न्यू जर्सीत हॉटेलात भांडी घासलीत. सप्टेंबरात तिकडे माणसं बनियनवर बसून घाम पुसतात. बर्फ कुठून पडला हो, तुमच्या फ्रीजमधून?”

रेडिओचं यंत्र सांभाळणारी पोरगी युदेल्का फिदीफिदी हसली, आणि ते हसू गावभर ऐकू गेलं.

“बर्फ देवाच्या हातात आहे, चागो,” तेयो म्हणाला.

“देवाचं राहू द्या. ते लोक महिना आधी लिहितात. माझ्या हजेरीच्या कार्डावर बारा वर्षं तेच बघितलंय मी.”

“कधी कधी लिहीत असतील.”

“कधी कधी नाही, नेहमी!”

घरी आल्यावर तेयोने बाराच्या बारा खोकी पलंगावर मांडली. चार डिसेंबर म्हणजे बारा एप्रिल. पाच जानेवारी म्हणजे एक मे. चार सप्टेंबर म्हणजे नऊ एप्रिल. मग नऊ एप्रिलच्या कप्प्यात जे होतं ते कुठे जायचं? एक कार्ड हलवावं तर दुसऱ्याची जागा जायची. बारा तारखेपुढचे दिवस धड होते, अलीकडचे सगळे उलटेपालटे. पाच मे, सहा जून, सात जुलै असे काही मोजके दिवस तेवढे जागच्या जागी होते, आणि तेयोने ते पुन्हा पुन्हा काढून पाहिले. म्हातारा पार चक्रावून गेला. अठरा वर्षं आपण गावाला कुठले दिवस सांगत होतो?

तेवढ्यात सप्टेंबरच्या खोक्यातलं कडेला तेलकट झालेलं एक कार्ड त्याच्या हाती लागलं, आणि त्याने ते दिव्याखाली धरलं. ६/९/६६.

हे त्याचं सगळ्यात लाडकं कार्ड. डावरा लिसांद्रो, याच गावचा, उत्तरेतल्या एका लहानशा लीगमध्ये खेळायला गेलेला पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा. त्या दिवशी अख्ख्या सामन्यात त्याच्यापुढे सत्तावीस जण बॅट घेऊन आले आणि सत्तावीसच्या सत्तावीस परत गेले. एकालाही पहिला बेस दिसला नाही. असा सामना गावातल्या कुणी आजवर टाकलेला नव्हता. दर सहा सप्टेंबरला तेयो तो चेंडू चेंडू करून सांगायचा आणि गाव कॉफीचा कप हातात धरून ऐकायचं.

एक घर सोडून. त्या दिवशी लिसांद्रोची थोरली बहीण एनेइदा रेडिओ बंद ठेवायची. कारण १९६६ च्या सहा सप्टेंबरलाच त्यांची आई गेली होती. ‘आई अत्यवस्थ, ये’ अशी तार दोन दिवस आधी गेली होती. लिसांद्रो आला नाही. एनेइदा तरीही त्याची बाजू घेत होती, तार पोचली नसेल म्हणत होती. मग महिनाअखेरीला चुलतभावाचं गाठोडं आलं, आणि तरण्या तेयोने कारखान्याच्या अंगणात ते कात्रण मोठ्याने वाचलं. सहा सप्टेंबर! आई इकडे शेवटचे श्वास घेत होती, आणि हा तिकडे सत्तावीस जणांना बाद करत होता. त्या दिवसापासून एनेइदाने भावाचं नाव टाकलं. त्याची पत्रं आली, ती तिने फोडली नाहीत. दुकानात त्याचा फोन आला, ती गेली नाही.

आणि ती तारीख होती नऊ जून.

त्या रात्री तेयोला झोप लागली नाही. सकाळी तो रेडिओवर गेला खरा, पण मायक्रोफोनपुढे नुसता बसून राहिला. युदेल्काने घाईघाईने मेरेंगे नाचगाण्याची तबकडी लावली.

“आज बेसबॉल नाही का?”

“आज कुठला दिवस आहे ते पक्कं नाही, पोरी.”

“पाच सप्टेंबर, डोन तेयो.”

“तुझ्याकडे.”

मग त्याने तिला सगळं सांगितलं. युदेल्काने ते नखं खात खात ऐकलं.

“उद्याचं कार्ड वाचूच नका,” ती म्हणाली. “संपला विषय. कुणाला काय कळतंय?”

तेयोला ते पटलं. कार्ड खिशात घालून तो घराकडे निघालासुद्धा. पण पाय घराकडे वळायचे ते बेकरीकडे वळले, तिथून चर्चकडे, आणि मग एनेइदाच्या घरासमोरच्या चिंचेखाली तो उगाचच उभा राहिला. सांगावं, तर अडतीस वर्षं आपण खाल्ली असं होणार. न सांगावं, तर एकोणचाळिसावंही आपल्याच नावावर. एनेइदा आता सहासष्ट वर्षांची. लिसांद्रो जिवंत आहे की नाही, हेही त्याला धड ठाऊक नव्हतं. त्याला स्वतःची भयंकर लाज वाटत होती, आणि भीती त्याहून जास्त.

एनेइदा ओट्यावर बसून राजमा निवडत होती. उद्या आईच्या वर्षाच्या प्रार्थनेला माणसं यायची होती, आल्याचा चहा द्यायचा होता.

“ये रे तेयो. उद्याच्या तुझ्या नाटकाची तयारी झाली का?”

“एनेइदा, तिकडचे लोक तारीख लिहितात ना...”

“काय झालं? घाम का फुटलाय तुला?”

“ते महिना आधी लिहितात.”

“लिहू देत बापडे. मला काय त्याचं?”

त्याने कार्ड तिच्या पुढ्यात, राजम्याच्या सुपात ठेवलं आणि सहावर बोट टेकवलं. “हा महिना आहे. जून. आई तेव्हा हिंडती फिरती होती. आई गेली त्या दिवशी तुझा भाऊ खेळत नव्हता, एनेइदा. मी चुकीचं वाचलं.”

तिने कार्ड उचललं, उलटं केलं, पुन्हा सुलटं केलं.

“सहा नऊ,” ती म्हणाली. “सहा सप्टेंबरच की हा.”

“आपल्याकडे.”

“मग त्या दिवशी तो कुठे होता?”

“मला नाही माहीत.”

“तुला माहीत नाही? रोज सकाळी सातला सगळं जग माहीत असतं तुला!” सूप तिच्या मांडीवरून घसरलं, राजमा ओट्याखाली सांडला. कुणीच उचलला नाही. ती आत गेली, तेयोला वाटलं आता काठी घेऊन येणार. ती बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेऊन आली. आत एकतीस पाकिटं, एकही फोडलेलं नाही. सगळ्यात वरचं गेल्या नाताळातलं, म्हणजे लिसांद्रो जिवंत होता.

तिने तळातलं पाकीट ओढून काढलं, नखाने फाडलं आणि तेयोकडे दिलं. “वाच. तूच वाचत आलायस ना! आधी तारीख.”

लिसांद्रोने महिना अक्षरांत लिहिला होता.

“सोळा सप्टेंबर,” तेयोने वाचलं. रेडिओवर खणखणीत लागणारा त्याचा आवाज इथे फाटला. “ताई, तुझी तार मला आज मिळाली. जुलैत माझा खांदा गेला, टीमने काढून टाकलं. आईला काळजी नको म्हणून कळवलं नाही. मी आता दुसऱ्या गावात बेकरीत आहे, तार जुन्या पत्त्यावर पडून होती. आई कशी आहे? तिला खांद्याचं सांगू नकोस. तुझं उत्तर आलं की लगेच निघतो.”

एनेइदा भिंतीला टेकली. तिने तोंडावर पदराएवढा मोठा रुमाल दाबला आणि ती रडली, लहान पोरीसारखी, हुंदके देत. तेयोही रडला.

मग तिने नाक पुसलं. आतून एक वही आणि पेन आणलं आणि ते त्याच्या पुढ्यात आदळलं.

“लिही. मला आत्ता अक्षर दिसत नाही.”

“काय लिहू?”

“आधी तारीख.”

तेयोने पेन टेकवलं, आणि पाचचा आकडा काढता काढता थांबला.

“अक्षरांत लिही, मेल्या,” एनेइदा म्हणाली. “आणि त्याच्याखाली लिही, ये.”