चीर नसलेला अंगठा

बाईंनी माझा हात धरून वर्गापुढे उंच केला. अंगठ्याला निळी शाई.

"बघा. अंगठाबहाद्दराची पोर, ही पण अंगठाबहाद्दरच."

वर्ग हसला. बाईंच्या टेबलावर माझा रजेचा अर्ज होता, शेजारी प्रगतिपुस्तक. अर्जावर पालकाची सही लागायची. आमच्या आयला सही येत नव्हती, ती अंगठा उठवायची. मासळी कापताना कोयता लागून तिच्या अंगठ्यावर आडवी चीर पडली होती. प्रगतिपुस्तकातल्या ठशात ती चीर दिसत होती. अर्जावरचा ठसा लहान, गुळगुळीत. माझा.

नव्वद-एक्क्याण्णवची गोष्ट. मी सहावीत. धाकट्या भावाला रक्ताचा आजार निघाला होता. आय त्याला घेऊन मुंबईच्या हॉस्पिटलात, बा उरणच्या बोटीवर, आठ-आठ दिवस समुद्रात. पनवेलच्या कोळीवाड्यात घरी मी आणि चार वर्षांची बहीण. तिला ताप आला म्हणून चार दिवस शाळा बुडाली. अर्ज मीच लिहिला. अंगठा दुसऱ्या कुणाचा लावणार?

येणारा-जाणारा दारातूनच विचारायचा, "पोराचा कसा हाय?" आम्ही दोघी जेवलो का, हे कुणी विचारलं नाही. मला भावाचा राग यायचा. मग त्या रागाची लाज वाटायची. रडू आलं तरी बहिणीसमोर गिळावं लागायचं.

बाई म्हणाल्या, नळावर जाऊन अंगठा धू आणि सगळ्यांसमोर माफी माग. मी हलले नाही.

"बाई, घरातल्या मोठ्या मानसाची सही लागते ना? आमच्या घरान आता मीच मोठी हाय."

'हाय' ऐकून वर्ग पुन्हा हसला. मी टेबलावरचं पेन उचललं. ठशाखाली, पालक लिहिलं होतं तिथे, माझं पूर्ण नाव लिहिलं. बाईंनी मला बाहेर काढलं. शाळा सुटेपर्यंत व्हरांड्यात उभी होते. अंगठा धुतला नाही.

शिमग्याच्या आधी भाऊ गेला. आय एकटीच परत आली. तिने मला जवळ घेतलं नाही. तेवढं बळ तिच्यात उरलं नव्हतं. चूल मीच पेटवली.

आता मी स्वतः शाळेत शिकवते. त्या बाईंना मी माफ केलेलं नाही, करणारही नाही. घरात कुणी अंथरुणाला खिळलं की अर्जावर पोरांनीच केलेल्या सह्या अजून येतात. लगेच ओळखू येतात. मी कुणाला वर्गापुढे उभं करत नाही, अर्ज तसाच मंजूर करते. शाळा सुटली की त्यांच्या घरी जाते. आजाऱ्याची चौकशी नंतर. आधी दार उघडणाऱ्या पोरीला विचारते, आज काय खाल्लंस.

घर जिने सांभाळलं, तिची सही खरी. हेडमास्तरांनी जाब विचारला, तर त्यांनाही मी हेच सांगणार आहे.